साकेत बोलतोय

भूपेंद्रच्या घरचं किराणा दुकान वर्ध्याच्या बाजारात होतं आणि अठ्ठ्याण्णव साली त्याच दुकानाच्या माडीवर त्यानं कॉम्प्युटरचा क्लास काढला, त्यामुळे तिथं शिकून पुढे मुंबई-पुण्याला गेलेल्या पोरांना कॉम्प्युटर म्हटलं की आजही आधी धने-जिऱ्याचा वास आठवतो. माडीवर पिवळे पडलेले जुने पीसी होते, एक फळा होता, फिरण्यापेक्षा कुरकुरण्यात जास्त रस असलेला एक पंखा होता, आणि कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली, एक टेबल आणि दोन खुर्च्या जेमतेम मावतील एवढी खोली होती, जिला भूपेंद्र मोठ्या अभिमानानं केबिन म्हणायचा. टेलिफोन त्या केबिनमध्ये होता.

ते दिवस मोठे गमतीचे होते. साल दोन हजार लागलं की जगातली जुनी मोठी मशीनं तारखांचा घोटाळा करणार अशी भीती सगळीकडे पसरली होती. विमा कंपन्यांचा, बँकांचा सगळा कारभार ज्या कपाटाएवढ्या मेनफ्रेमवर चालायचा, तिच्या भाषा येणारी माणसं शोधत लोक गावोगाव फिरत होते. ज्या भाषांना कॉलेजात कोणी विचारत नव्हतं, त्यांना अचानक सोन्याचे दिवस आले होते. त्यातलीच एक रेक्स. मोठ्या मशीनला एकामागून एक हुकूम द्यायचे, कामं लावून द्यायची, त्यासाठीची ती छोटी, सुटसुटीत भाषा. मुंबईच्या एका कंपनीला रेक्स येणारी माणसं हवी होती, आणि भूपेंद्रनं छाती ठोकून सांगून टाकलं होतं की ती वर्ध्यात आहेत.

वर्ध्यात ती नव्हती. पण साकेत होता.

साकेत मूळचा रोहण्याचा. वडील गेले, बारावीत गाडी अडली, आणि आई देवकाबाईला सेवाग्रामच्या दवाखान्यात स्वयंपाकघरात काम मिळालं म्हणून मायलेक वर्ध्याला रामनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. मधली दोन वर्षं त्यानं नागपूरला एका कंपनीच्या मशीनरूममध्ये टेप बदलण्याचं काम केलं होतं आणि तिथंच, बघून बघून आणि विचारून विचारून, तो रेक्स शिकला होता. ती मशीनरूम बंद झाली तेव्हा भूपेंद्रनं त्याला क्लासात शिकवायला घेतलं. रेक्सची एक लहान आवृत्ती साध्या पीसीवरही चालायची, त्यामुळे मशीन नसलं तरी अडत नव्हतं. तो शिकवायचाही छान, फक्त सगळा वेळ फळ्याकडे तोंड करून. लाजरेपणा इतका, की कोणी नाव विचारलं तर तो ते एवढं हळू सांगायचा की समोरच्याला पुन्हा विचारावं लागायचं, आणि दुसऱ्यांदा तो ते आणखी हळू सांगायचा.

मुंबईहून मुलाखत घ्यायच्या त्या रीता मॅडम. त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. दुपारची जेवणं झाली की फोन वाजायचा आणि त्यांचा मोकळा, हसरा आवाज केबिनमध्ये यायचा. त्या आधी घरदार विचारायच्या, नावागावाच्या गप्पा मारायच्या आणि मग सहज बोलता बोलता रेक्सवर यायच्या. घाबरण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. पण क्लासातली बरीच पोरं अशा घरांतली होती जिथं फोन नव्हता. फोन म्हणजे शेजाऱ्याकडे धावत जाऊन कोणी गेल्याची बातमी ऐकायची, एवढीच त्यांची त्या वस्तूशी ओळख. कीबोर्डवर ज्यांची बोटं भराभर चालायची, त्यांची रिसीव्हर हातात आला की बोबडी वळायची.

पहिला नंबर होता अल्लीपूरच्या नत्थू ढगेचा. या वयात हे आजोबांच्या जमान्यातलं नाव घेऊन फिरतो म्हणून पोरं त्याला छळायची. त्यानं रिसीव्हर कानाला लावला, “हॅलो” म्हणाला आणि संपला. मॅडम तिकडून आवाज येत नाहीये, आवाज येत नाहीये म्हणत राहिल्या आणि नत्थू घामानं निथळत रिसीव्हरकडे असा बघत राहिला, जणू तो आता चावेल. भूपेंद्रनं तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि जवळ जो कोणी उभा होता त्याच्या हातात कोंबला. जवळ साकेत उभा होता.

“हां मॅडम, लाइन जरा गेली होती,” साकेत म्हणाला. “नत्थू बोलतोय.”

भूपेंद्रनं मान वळवून पाहिलं. आवाज साकेतचाच होता, पण तो कधी कोणी ऐकलेला नव्हता. खाटेवर आडवं पडून दोस्ताशी बोलावं तसा ऐसपैस.

“नत्थू?” मॅडम हसल्या. “तुमच्या वयाच्या मुलाचं हे नाव मी पहिल्यांदाच ऐकतेय.”

“आजोबांचं आहे मॅडम. आजीनं जन्मभर त्यांचं नाव घेतलं नाही, बायकांनी घ्यायचं नसतं ना. आजोबा गेले, पाठोपाठ मी झालो, तर तिनं हट्टानं तेच नाव ठेवायला लावलं. आता दिवसभर अंगणातून हाका मारते. मी समोर बसलो असलो तरी मारते.”

मग मॅडमनी त्यांचा आवडता प्रश्न विचारला, जो पुढे त्या प्रत्येकाला विचारणार होत्या. एखादं नाव नुसतंच घेतलं, त्यात काही ठेवलंच नाही, आणि तरी ते छापायला सांगितलं, तर रेक्स काय छापेल?

“नावच छापेल मॅडम. ज्याच्यात काही नाही, तो आपलं नाव सांगून मोकळा होतो.”

नत्थू पास झाला. जिन्यात पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तर त्याचं डोकं वरच्या तुळईला आपटलं, आणि तो डोकं चोळत हसत राहिला. भूपेंद्रनं वर्ध्याचा तो तुपाळ, बिस्किटासारखा गोरसपाक मागवला. खाली दुकानात गिऱ्हाइकांनाही वाटला. सगळं आटोपल्यावर नत्थूनं साकेतला पायरीवर अडवलं.

“काय बे, आजीचं तुले कोणी सांगितलं?”

“तूच सांगितलं असशील.”

“मी नाई सांगितलं. मले लाज वाटते त्याची. मी कोणालेच नाई सांगितलं.”

“मंग अंदाजानं बोललो असेन.”

“लय बराबर अंदाज हाये तुहा,” नत्थू म्हणाला, आणि उरलेला गोरसपाक तोंडात टाकून निघून गेला. नोकरी लागलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरं काही सुचत नाही.

मग ती रीतच पडली. “काम तर पोराइलेच येते ना?” भूपेंद्र म्हणायचा. “तिथं जाऊन तेच करतीन. बोलणं तेवढं साकेतचं. नवरदेवाच्या वतीनं मामा बोलत नाई का?” क्लासात टायपिंग शिकवणारी आणि साकेतकडून रेक्स शिकलेली प्रेरणा, सेवाग्रामच्या एका मास्तरांची मुलगी, तेवढी म्हणाली की ही सरळ सरळ लबाडी आहे; तिनं आपली मुलाखत आपल्याच तोंडानं दिली, दोनदा अडखळली, आणि पासही झाली. पण आईचं ऑपरेशन व्हायचं होतं म्हणून तिनं रुजू व्हायला दिवाळीनंतरची मुदत मागून घेतली, आणि तोवर रोज दुपारी तीही केबिनच्या दाराशी येऊन साकेतचं बोलणं ऐकायला लागली. ऐकण्यासारखं असायचंच ते.

ज्याची मुलाखत असेल तो पोरगा त्या दिवशी सकाळी घरून डबा घेऊन यायचा आणि साकेतसमोर बसून आपलं सगळं सांगायचा. घरी कोण कोण, शेत कुठं, शाळेत कोण मास्तर होते, मार कशासाठी खाल्ला. याला सगळे ‘ओळख’ म्हणायचे. साकेतला ती ओळख फार आवडायची. एक तर त्याला स्वतःला काही बोलावं लागत नसे, आणि दुसरं म्हणजे डबा दोघांत व्हायचा. मग दुपारी फोन वाजला आणि त्यानं त्या पोराचं नाव घेतलं, की कुठंतरी एक दार उघडल्यासारखं व्हायचं. तो आठवून बोलत नसे. त्याला दिसायचं. अंगण दिसायचं, अंगणातली वाळत घातलेली मिरची दिसायची, गोठ्याचा वास यायचा, आणि जे दिसतंय ते हसत हसत सांगत सुटायचं, एवढंच त्याचं काम उरायचं. असलं सुख त्याला आयुष्यात कशातच मिळालं नव्हतं. रिसीव्हर खाली ठेवला तरी तो थोडा वेळ त्या घरातच असायचा. एकदा तर तो नत्थूच्या एका गाववाल्याच्या चपला पायात घालून पार चौकापर्यंत गेला, आणि तो पोरगा अनवाणी मागे धावत आला, तेव्हा पोरांना आठवडाभर हसायला विषय मिळाला.

अंकितच्या वेळी मात्र जरा वेगळं झालं. अंकित आर्वीचा, अबोल, पण कामाला पक्का. सकाळी ओळख झाली होती. दुपारी मॅडम बोलता बोलता म्हणाल्या की मी समुद्राकाठची, तुमच्याकडे पोरांना पोहता येतं का?

“मला नाही येत मॅडम, मी पाण्याला भितो,” साकेत अंकितच्या नावानं म्हणाला. “दोनेक वर्षांचा असताना पवनारला धाम नदीत पडलो होतो. हिरव्या लुगड्यातल्या एका बाईनं केसाला धरून वर काढलं. केस राखले होते जावळासाठी, म्हणून वाचलो.”

शेजारच्या खुर्चीवर बसलेला अंकित हातानं नाही-नाही करत होता. असं काही घडलेलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर तो चिडलाही थोडा, की उगाच कायच्या काय काऊन सांगतं, उद्या मॅडम समोर विचारतीन. पण पास झाला होता, त्यामुळे चिडणं काही टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो लाडवांचा डबा घेऊन आला आणि त्यानं तो साकेतसमोर ठेवला.

“आईनं देल्ले,” तो म्हणाला. “मी तिले हसत हसत सांगितलं रे, साकेतनं असं असं ठोकून देल्लं म्हणून. तर ती पोळी तव्यावर ठेवून तशीच बसली. म्हणे, तुह्या बापालेसुद्धा मी हे सांगितलं नोहतं. मारलं असतं त्यानं मले.”

पोळीचं काय झालं, असं प्रेरणानं विचारलं.

“जळली,” अंकित म्हणाला. “आई म्हणे, त्या पोराले एकदा घरी आण. पाहू दे मले.”

साकेत काही त्यांच्या घरी गेला नाही. लाडू सगळ्यांनी खाल्ले. भूपेंद्र म्हणाला की हा माणूस नाही, एक्स-रे मशीन आहे, आणि प्रेरणा म्हणाली की काही माणसांना दुसऱ्याचं कळतं, त्यात भिण्यासारखं काय आहे. पण त्या दिवसापासून ती ऐकायला दाराशी न उभी राहता आत येऊन बसायला लागली, आणि बोलणं चालू असताना फोनकडे न बघता साकेतच्या चेहऱ्याकडे बघायला लागली.

एकामागून एक पोरं गेली. वर्ध्याच्या स्टेशनवर कोणाला ना कोणाला पोचवायला जाणं हा त्या वर्षी सगळ्यांचा नेमच झाला होता. नवी बॅग, आईनं बांधून दिलेले चिवड्याचे पुडे, खिडकीतून हलणारा हात. मुंबईहून त्यांच्या खबरी यायच्या, सगळ्या चांगल्या. नत्थू म्हणे आता तिथं सगळ्यांना हसवतो, ऑफिसातल्या बायका त्याच्याभोवती डबे घेऊन बसतात. भूपेंद्रनं केबिनला रंग दिला. साकेतच्या घरी जिथं आंबील, साधं वरण एवढंच व्हायचं तिथं आता कोणाच्या ना कोणाच्या घरून आलेला गोडाचा डबा असायचा. फक्त देवकाबाईला एक जाणवायला लागलं होतं. एकदा ती दारात भाजी निवडत बसली होती आणि साकेत समोरून आला तो तसाच पुढे निघून गेला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथं उभा राहून दोन्हीकडची घरं पाहायला लागला.

“काऊन तिकडं चालला?” तिनं हाक मारली. “आपलं घर हे नाई का?”

तो हसत परत आला. विचारात होतो, म्हणाला.

दिवाळी झाली आणि रीता मॅडमनी एक दिवस भूपेंद्रलाच फोन केला. तुमची सगळी मुलं उत्तम निघाली, त्या म्हणाल्या, आता त्यांच्यावर एक शिकवणारा हवा आहे. तुमच्याकडे शिकवतं कोण? भूपेंद्रनं नाव सांगितलं, आणि भीत भीत हेही सांगितलं की पोरगा बारावीच्या पुढे गेलेला नाही, लाजतोही फार. मॅडम म्हणाल्या की शिक्षणाची अट मी काढायला लावते, पण मुलाखत घेतल्याशिवाय घेणार नाही; मंगळवारी फोन करते.

भूपेंद्र दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला आणि त्यानं साकेतला उचललंच. क्लासात जी चार पोरं होती त्यांनी बाकं वाजवली. साकेत फळा पुसायला लागला, जो आधीच पुसलेला होता.

देवकाबाईनं ऐकलं तेव्हा ती कणिक मळत होती. मळायची थांबली नाही. तशीच म्हणाली,

“दुसऱ्याइच्या नावानं लय बोलला, बाबू. आता तुह्या नावानं बोल. एकदा त्या बाईले तुहं नाव सांग, तुह्या बापाचं सांग. मंग लागलं नाई तरी मले चालते.”

“हाव,” साकेत म्हणाला.

“मोठ्यानं म्हण.”

“हाव आई.”

मंगळवारी सकाळी साकेतची ओळख घ्यायला प्रेरणा बसली. तिनं डबा आणला होता, पण आधी काम, म्हणून तो बाजूला ठेवला. केबिनच्या नव्या रंगाचा वास होता. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर चौकोनी पडलं होतं.

“सांग,” ती म्हणाली. “तुमच्याबद्दल सांगा, असं मॅडम म्हणतीलच. मग तू काय सांगशील?”

“रोहण्याचा आहे,” साकेत म्हणाला.

“बरं. घर कसं होतं?”

त्यानं आठवायला सुरुवात केली. अंगण आठवलं, पण त्यात मिरची वाळत होती. ते दुसऱ्याचं होतं. विहीर आठवली, ती अंकितच्या मामाची. मास्तरांनी कान पिळला होता, पण तो कान नत्थूचा होता. तो एकेक आठवण उचलत होता आणि ज्याची त्याला परत ठेवत होता. शेवटी हात रिकामे राहिले.

“बाबा कसे होते तुझे?”

“चांगले होते.”

“अरे, म्हणजे काय करायचे? रागवायचे, गायचे, तंबाखू खायचे?”

साकेत तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. दुकानात गेल्यावर काय आणायला आलो होतो ते विसरलेल्या माणसाचा असतो तसा साधा, थोडा ओशाळलेला भाव होता. प्रेरणाच्या मनात कुठंतरी चर्र झालं, पण ती हसली.

“राहू दे. आज उलटं करू. तुझ्या नावानं मी बोलते.”

“तू बोललीस तर चालेल का गं?” त्यानं विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

“नाही चालणार,” ती म्हणाली. “जेव आता.”

दुपारी त्याला संकोच वाटू नये म्हणून प्रेरणा आणि भूपेंद्र दोघंही बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि जाताना भूपेंद्रनं केबिनचं दार ओढून घेतलं. आत साकेत एकटा. पंख्याची कुरकुर, खालून तराजूच्या साखळीचा आवाज. टेबलावरच्या उन्हाच्या चौकोनाकडे बघत तो मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होता. साकेत बोलतोय. साकेत बोलतोय. दोनच तर शब्द होते.

फोन वाजला. त्यानं उचलला.

“हॅलो, कोण बोलतंय?” रीता मॅडमचा आवाज नेहमीपेक्षाही प्रसन्न होता.

त्यानं तोंड उघडलं. इतर नावं घेतली की जिथं दार उघडायचं, तिथं या नावापाशी काहीच नव्हतं, नुसती गिलावा केलेली कोरी भिंत. आईचा कणकेचा हात डोळ्यांसमोर आला, आणि तोही कोणाच्या आईचा हे त्याला नक्की सांगता आलं नसतं.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“भूपेंद्र बोलतोय मॅडम, वर्ध्याहून,” तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी मोकळा झाला.

“अरे भूपेंद्र, बरं झालं तुम्हीच उचललात. साकेतशी आत्ताच बोलणं झालं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, रुजू व्हायची तारीख सांगायचीच राहिली. पुढच्या सोमवारी यायला सांगा.”

“सांगतो मॅडम,” तो म्हणाला. मग विचारल्याशिवाय राहवेना म्हणून त्यानं विचारलं, “कसा वाटला?”

“कसा वाटला म्हणजे काय? अहो, लाजतो म्हणाला होतात ना तुम्ही? मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. त्याचे वडील म्हणे शीळ घालून बैलांना बोलवायचे, प्रत्येक बैलाची शीळ वेगळी, आणि एक शीळ याची. ती त्यानं मला वाजवून दाखवली. फोनवर. मुलाखतीत. सव्वीस वर्षं नोकरी करतेय मी, असं कोणी केलं नव्हतं.”

साकेत रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ऐकत होता. त्याला फार बरं वाटत होतं. वडील शीळ घालायचे, हे त्याला नव्यानं कळत होतं.

“कोणती होती मॅडम, त्याची शीळ?”

“मला कुठं जमणार ती,” मॅडम हसल्या. “त्यालाच विचारा. तिथंच असेल ना?”

“असेल,” साकेत म्हणाला. “आभारी आहोत मॅडम. मी त्याच्या वतीनं सांगतो.”

फोन ठेवला तेव्हा टेबलावरचा उन्हाचा चौकोन तिथं नव्हता. तो सरकत सरकत भिंतीवर, पार दाराजवळ जाऊन पोचला होता.

त्यानं दार उघडलं तर जिन्यात भूपेंद्र आणि प्रेरणा दोघंही हसून हसून लाल झालेले. खालच्या पायरीवर भूपेंद्रचे वडीलही येऊन उभे राहिले होते.

“शीळ काय घातली रे,” प्रेरणा डोळे पुसत म्हणाली. “सकाळी मला म्हणे काही आठवत नाही. चांगला नाटक्या आहेस.”

“बाबा खालून वर आले ना,” भूपेंद्र म्हणाला, “कोण शीळ वाजवून राह्यला म्हणून. अर्धा बाजार ऐकून राह्यलता. पण शेवटी माह्यं नाव काऊन घेतलं बे?”

साकेतनं केबिनचं दार मागे ओढून घेतलं.

“सवय झाली त्याला,” प्रेरणा म्हणाली. “घेतलं ना पण त्यांनी?”

“सोमवारी बोलावलं,” साकेत म्हणाला, आणि मग त्या जिन्यात असा काही कल्ला झाला की खाली गिऱ्हाइकाच्या हातून साखरेची पुडी सुटली. भूपेंद्रनं त्याला मिठी मारली. म्हाताऱ्यानं गल्ल्यावरचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला. प्रेरणा म्हणाली, चला, मी जाईन तेव्हा मुंबईला माझ्या हक्काचं एक माणूस तरी असेल, आणि मग स्वतःच लाजली. त्या सगळ्यांत साकेतही हसत होता, अगदी खरं हसत होता. एवढी चांगली बातमी त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

“आता जा,” भूपेंद्र म्हणाला, “आईले सांग आधी. तुह्या तोंडानं सांगजो.”

तो लांबच्या रस्त्यानं निघाला. कसं सांगायचं ते ठरवायचं होतं. आई, मी लागलो. आई, मी माझ्याच नावानं बोललो. दुसरं वाक्य त्याला जमेना, म्हणून पहिलंच घोकत राहिला. वाटेत कोणी नाही असं बघून त्यानं ओठांचा चंबू करून शीळ घालून पाहिली. नुसती हवा आली. पुन्हा घातली, पुन्हा हवाच. मग तो हार नीट करत चालू लागला. रस्त्यातली ओळखीची माणसं त्याच्याकडे बघून हात करत होती आणि “अभिनंदन हो” म्हणत होती. बातमी इतक्या लवकर कशी पसरली याचं त्याला नवल वाटलं, आणि गंमतही.

घराशी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. दार उघडं होतं आणि आतला पिवळा उजेड पायऱ्यांवर सांडला होता. घरात माणसं दाटली होती. शेजारच्या कांताबाईचा आवाज ओळखू येत होता, पलीकडच्या बंडूजींचा खोकला ओळखू येत होता, आणि त्या सगळ्यांवर आई हसत होती. बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. पोटापासून, मधेच श्वास घेत, पुरे रे आता म्हणत.

साकेत पायऱ्या चढला आणि उंबऱ्यावर एक पाय ठेवून थांबला, कारण आत कोणीतरी गोष्ट सांगत होतं.

“...मंग मॅडम म्हणे, कोण बोलते? म्हटलं, साकेत बोलतोय. रोहण्याचा. देवकाबाईचा.”

नाव स्पष्ट होतं. घाई नव्हती, अडखळणं नव्हतं. भरल्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्यानं घेतलेलं. त्यावर सगळे हसले आणि आईनं नाक ओढलं, ती रडतही असावी. मग शीळ आली. लांब, वर चढत जाऊन शेवटी अलगद वळणारी. ती ऐकताना साकेतचे डोळे भरून आले. किती छान होती ती. कुठंतरी ऐकल्यासारखी वाटत होती.

आत जावं असं त्याच्या मनात आलं, पण गोष्ट नेमकी रंगात आली होती. आई असं ऐकत असताना मधेच जाऊन ती मोडावी, हे त्याला बरं वाटेना. संपली की जाऊ, त्यानं ठरवलं, आणि चौकटीला टेकून उभा राहिला.

“साकेत, बाबू,” आतून आई म्हणाली, “दार लोटून घे. डास येऊन राह्यले. आता कोणी यायचं नाई.”

“हाव आई,” आतला आवाज म्हणाला, आणि पावलं दाराकडे आली.

साकेतनं उंबऱ्यावरचा पाय अलगद मागे घेतला, दार नीट लागावं म्हणून.